राजाकडं काय काय होतं?

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची सहल कोल्हापूरला गेली होती. इचलकरंजीहून तासाभराची वाट. अंबाबाईचं दर्शन झालं, रंकाळ्यावर बसून डबे खाल्ले आणि येताना न्यू पॅलेस बघायला गेलो. काळ्या घडीव दगडाचा तो वाडा १८७७ ते १८८४ या सालांत बांधला. खालच्या मजल्यावर शहाजी छत्रपती म्युझियम आहे, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत असेल.

सगळ्या जणी सोनं-नाणं, सिंहासन आणि भरजरी शालू बघायला आत शिरल्या. पण पाय अडखळले ते भलत्याच वस्तूंपाशी. बिबट्याच्या पाठीच्या मणक्यांची केलेली हातातली काठी. वाघाच्या कवटीचं आणि गेंड्याच्या पायाचं केलेलं, सिगारेटची राख झाडायचं भांडं. वर भिंतीवर शिंगंच शिंगं, आणि पुढं पेंढा भरलेली जनावरं, काचेच्या डोळ्यांनी आपल्याकडं बघणारी. आमच्या गटातल्या थोरल्या काकू तिथंच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "राजाला सोनं सोडून ह्ये कशाला लागत असंल गं?"

हसण्यावारी गेलं ते. पण मला तो प्रश्न सोडेना, म्हणून आजचं बोलणं त्यावर. त्या वस्तू काही एकाच राजाच्या नाहीत, दोन-तीन पिढ्यांच्या आहेत. मी सांगणार आहे ते मुख्यतः राजर्षी शाहू महाराजांबद्दल. ते १८९४ साली राज्यकारभार बघायला लागले आणि १९२२ पर्यंत गादीवर होते. त्यांची शाळा, वसतिगृहं आणि आरक्षणाचा हुकूम आपण दरवर्षी जयंतीला ऐकतो. त्यांच्याकडं आणखी काय होतं, ते कुणी सांगत नाही.

त्यांच्याकडं चित्ते होते. पाळलेले.

आधी एक घोटाळा दूर करूया. आपल्याकडं उसात शिरतो आणि कुत्री उचलतो, त्याला कुणी कुणी चित्ता म्हणतात. तो बिबट्या. चित्ता वेगळा. अंग सडपातळ, पाय लांब, अंगावर भरीव काळे ठिपके, आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत दोन काळ्या रेघा, काजळ ओघळल्यासारख्या. जमिनीवर त्याच्याइतकं जोरात पळणारं जनावर नाही. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास जातो, पण थोडाच वेळ. तेवढ्यात हरीण सापडलं तर सापडलं, नाहीतर धापा टाकत बसतो. माणसावर धावून जाणारं जनावर नव्हे ते, आणि म्हणूनच माणसाला ते पाळता आलं.

चित्ता पाळून त्याच्याकडून काळवीट धरायचा शौक फार जुना. अकबर बादशहानं आयुष्यात नऊ हजार चित्ते जमवले, असं त्याच्या पोरानं, जहांगीरनं लिहून ठेवलंय. एवढे चित्ते, पण पिंजऱ्यात त्यांची वीण होत नसे. एकदा एक नर सुटून मादीकडं गेला आणि तीन पिल्लं झाली, तर ती गोष्ट बादशहानं नवलाची म्हणून टिपून ठेवली. म्हणजे प्रत्येक चित्ता रानातून धरूनच आणावा लागे. तोही मोठा झालेला, कारण शिकार त्याला आईनं शिकवलेली असते. माणसाला ती शिकवता येत नाही. माणूस फक्त त्याला माणसाची सवय लावतो.

आता ही सवय कशी लावत, ते ऐका. नवा चित्ता बाजेला किंवा खांबाला साखळीनं बांधत. डोळ्यांवर कातड्याची टोपी. काही दिवस उपाशी, मग माणसाच्या हातून मांस. मग गावातून, बाजारातून फिरवायचं, म्हणजे माणसांच्या, कुत्र्यांच्या, गाड्यांच्या आवाजाला तो बुजत नाही. आणि त्या काळच्या एका वर्णनात असं आहे, की चित्त्याजवळ दिवसभर बसून बोलत राहायला बायका आणि पोरं नेमत. काम एवढंच, की बोलायचं. माणसाचा आवाज त्याच्या कानात मुरावा म्हणून. मला हे वाचून हसू आलं आणि मग वाईटही वाटलं. बायका नुसत्या बोलत बसतात म्हणून ज्यांना टोमणे खावे लागतात, त्यांच्या बोलण्यानं चित्ता माणसाळत होता. त्या बायकांची नावं मात्र त्या वर्णनात नाहीत.

सहा-एक महिन्यांत चित्ता तयार होई. शिकारीच्या दिवशी त्याला गाडीवर बसवून माळावर नेत. काळवीट माणूस बघून उधळतं, पण शेतकऱ्याची बैलगाडी रोज बघितलेली असते, तिला ते घाबरत नाही. गाडी फिरत फिरत कळपाच्या जवळ न्यायची, टोपी काढायची, साखळी सोडायची. चित्ता झेप घेई, हरणाला पाडून नरडं धरी. मग चित्तेवान पळत जाऊन लाकडी पळीत रक्त धरून त्याच्या तोंडासमोर करी, तो त्यात गुंतला की डोळ्यांवर परत टोपी. शिकार राजाच्या नावावर जमा. कोल्हापुरात चित्ते सांभाळणाऱ्यांना चित्तेवान म्हणत, आणि ते आडनाव अजून तिथं आहे.

शाहू महाराजांच्या काळात आणि त्यांचे चिरंजीव राजाराम महाराज १९२२ ते १९४० गादीवर होते तेव्हाही, चित्त्यांची शिकार म्हटली की दोन संस्थानांची नावं पुढं येत, कोल्हापूर आणि भावनगर. भावनगरचे भावसिंहजी हे शाहू महाराजांचे राजकोटच्या शाळेतले सोबती. कोल्हापुरातला भाऊसिंगजी रोड त्यांच्याच नावाचा. पण तोवर देशातले चित्ते संपत आले होते. रानातून धरून धरून आणि माळरानं नांगराखाली येऊन. मग काय केलं? आफ्रिकेतून बोटीनं मागवले. १९१८ ते १९४५ या काळात भारतातल्या संस्थानांनी मिळून सुमारे दोनशे चित्ते आफ्रिकेतून आणले, असा हिशोब आहे. आपल्या रानातलं जनावर संपलं, तर समुद्रापलीकडून आणायचं, पण शौक मोडायचा नाही. इथं मला महाराजांची बाजू घेता येत नाही, आणि मी घेणारही नाही. १९४७ साली कोरिया संस्थानात रानातले शेवटचे तीन चित्ते गोळीला बळी पडले आणि १९५२ मध्ये भारतातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये नामिबियातून आठ चित्ते विमानानं मध्य प्रदेशातल्या कुनोला आणले. टीव्हीवर केवढा गाजावाजा झाला. पण आफ्रिकेतला चित्ता आपल्या मातीत उतरायची ती पहिली वेळ नव्हती.

चित्त्यांइतकेच नवलाचे हत्ती. कोल्हापुरात साठमारी नावाचा भाग आहे. बसच्या पाटीवर नाव वाचून कुणाला वाटेल साठ माणसं मारली की काय! साठमारी म्हणजे हत्तीशी माणसाचा खेळ. दगडी कोटाच्या आत चवताळलेला हत्ती सोडायचा, आणि साठमार म्हणजे खेळणारे गडी त्याला डिवचायचे. हत्ती मागं लागला की अरुंद वाटांच्या दगडी बुरजात शिरायचं. माणूस आत जातो, हत्ती जात नाही. पाय घसरला तर संपलं. लोक चौफेर बसून बघत. महाराजांना कुस्तीचं वेड तर होतंच. रोमचं जुनं गोल क्रीडांगण बघून आल्यावर त्यांनी खासबागेचं मैदान बांधलं, ते १९१२ चं.

आपली इचलकरंजी तेव्हा कोल्हापूर दरबाराच्या हाताखालची जहागीर, घोरपड्यांची. आपल्या जहागीरदारांचा शौक निराळा, गाण्याचा. पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर आपल्या दरबारचे गवई. विष्णू दिगंबर पलुस्कर त्यांचेच शिष्य. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला तोही जहागीरदारांच्या पाठिंब्यानं. आज राजवाड्यात टेक्स्टाईलचं कॉलेज भरतं. चित्त्यापेक्षा गवई पाळलेला बरा, असं मी म्हटलं, तर घरचे म्हणाले, तू इचलकरंजीची म्हणून म्हणतेस. असेल तसंही.

पण परत कोल्हापूरच्या पागेकडं वळू. कारण जनावरं म्हटली की त्यांच्या मागं माणसं आली. माहूत, मोतद्दार, चित्तेवान, गाडीवान, चारा कापणारे. इथं शाहू महाराज इतर राजांपेक्षा वेगळे पडतात. त्यांनी अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या माणसांना माहूत केलं. हत्तीच्या मानेवर बसलेला माणूस मिरवणुकीत सगळ्या गावाच्या वर असतो, हे लक्षात घ्या. फासेपारध्यांना इंग्रजी अंमलात जन्मजात चोर समजत. महाराजांनी त्यांना सोनतळीच्या आपल्या छावणीवर पहारेकरी म्हणून ठेवलं. ज्यांना चोर म्हणायचे त्यांच्या भरवशावर राजा झोपत होता. १९१८ साली त्यांनी अशा जातींची रोजची सक्तीची हजेरी बंद केली.

आणि गंगाराम कांबळ्यांची गोष्ट. ते राजवाड्याच्या पागेत कामाला होते. पागेत घोड्याला हात लावलेला चालत होता, पाण्याच्या हौदाला नाही. त्यांनी हौदाला हात लावला म्हणून इतर नोकरांनी त्यांना बेदम मारलं. महाराज तेव्हा गावात नव्हते. आल्यावर त्यांना कळलं, तेव्हा मारणाऱ्यांना त्यांनी शिक्षा केली आणि गंगारामांना हॉटेल काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' नावाचं. लोक अस्पृश्याच्या हातचा चहा पिईनात. तर महाराज आपली गाडी दारात उभी करून चहा मागवत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. ही गाडी म्हणजे खडखडा. राजाचा सोन्याचा रथ नव्हे, दणकट घोडागाडी, चालताना खडखड आवाज करणारी, म्हणून ते नाव. महाराज स्वतः हाकत. कोल्हापुरात दसऱ्याला राजाराम महाराजांची जर्मन बनावटीची मेबॅक मोटार बाहेर निघते आणि लोक तिच्याबरोबर फोटो काढून घेतात. काढावेत, गाडी देखणी आहे. मला मात्र विचाराल तर खडखडा बघायला मी दोन वेळा जाईन.

राजाच्या अजब मालमत्तेत आपणच पुढं, असं समजू नका. १९०२ साली महाराज सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले होते. त्या विलायतेत मोकळ्या पाण्यावरच्या, कुणाची खूण नसलेल्या हंसांवर राजाचा हक्क आहे. किनाऱ्याला लागलेल्या देवमाशांवर आणि स्टर्जन नावाच्या माशावरही, तो चौदाव्या शतकापासूनचा. हंस पूर्वी मेजवानीत शिजत. आता दर जुलैत थेम्स नदीवर राजाची माणसं होड्या घेऊन जातात, पिल्लं मोजतात, दुखलं-खुपलं बघतात आणि परत पाण्यात सोडतात. मालकी तीच राहिली, पण खाणं गेलं आणि मोजणं राहिलं. महाराज त्याच विलायतेच्या दौऱ्यावर असताना, २६ जुलै १९०२ ला, कोल्हापूर दरबारात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवायचा हुकूम निघाला.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती सांगताना माझा आवाज जरा बसतो. शिकारीचा हा शौक महाराजांच्या घरावरच उलटला. त्यांचे धाकटे चिरंजीव शिवाजी. १२ जून १९१८ ला ते रानडुकराच्या शिकारीला गेले होते. ही शिकार घोड्यावर बसून, भाल्यानं, भरधाव पाठलाग करून करायची. घोड्यावरून पडले आणि त्यातच गेले. वय एकोणीस. त्यांचं लग्न होऊन एक वर्ष झालं होतं. बायको सासवडच्या जगतापांची लेक, सासरचं नाव इंदुमती. तिला बारावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं.

त्या काळी अशा पोरीचं काय होत असे हे तुमच्या-माझ्या घरातल्या आज्या-पणज्यांनी बघितलंय. कुंकू पुसलं, बांगड्या फुटल्या, कोपऱ्यातली खोली मिळाली. राजवाडा असला म्हणून रीत चुकत नाही. उलट वाड्याची भिंत जास्त उंच. महाराजांनी काय केलं, तर सुनेला सोनतळीला नेलं. जिथून शिकारीला निघायचे त्याच सोनतळीला. तिथं तिच्यासाठी शाळा काढली. एकट्या पोरीला एकटं वाटू नये म्हणून निरनिराळ्या जातींतल्या चार मुली तिच्याबरोबर शिकायला ठेवल्या. घरच्यांचा विरोध होता, तो त्यांनी मानला नाही. सुनेनं डॉक्टर व्हावं, दिल्लीला जाऊन शिकावं, इथपर्यंत त्यांनी मनात आणलं होतं.

इथंही मी एक गोष्ट झाकणार नाही. १९१७ साली याच महाराजांनी आपल्या संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला होता, आणि १९१९ साली बायकांना क्रूरपणे वागवणाऱ्यांविरुद्धचा. त्या काळात फार मोठी पावलं. पण राजवाड्यातल्या सुनेचं पुन्हा लग्न झालं नाही. कायदा केला म्हणून घरातली रीत लगेच वाकत नाही, राजाच्या घरातलीही नाही. ६ मे १९२२ ला महाराज मुंबईत वारले. इंदुमतीदेवी पुढं मॅट्रिक झाल्या. डॉक्टर व्हायचं राहून गेलं. नंतर त्यांनी कोल्हापुरात बायकांसाठी ललितविहार ही संस्था काढली. न्यू पॅलेसमध्ये वाघ बघून झाले, की कोल्हापुरात कुणाला तरी इंदुमती राणीसाहेबांबद्दल विचारा. वयस्कर बायका सांगतात.

शिकारीसाठी राखलेलं एक रान मात्र आजही उभं आहे. दाजीपूर. तिथं गवे होते, म्हणून ते राजाच्या शिकारीसाठी राखलेलं होतं. आपल्या माणसांना तिथं लाकूडफाट्यालाही मोकळीक नव्हती, हे खरंच. पण राखलं म्हणून झाडं उरली, आणि १९५८ साली तिथं गव्यांचं अभयारण्य झालं. त्याच बाजूला भोगावतीवर महाराजांनी धरणाचं काम काढलं आणि गावाला आपल्या लेकीचं, राधाबाईंचं नाव दिलं, राधानगरी. तलावाला राणीचं नाव, लक्ष्मी. पैसा पुरेना, काम अर्धवट थांबलं, महाराजांच्या हयातीत ते पुरं झालं नाही. स्वातंत्र्यानंतर झालं. त्या धरणाला सात दरवाजे आहेत, आणि ते कुणी बटण दाबून उघडत नाही. तळं काठोकाठ भरलं की पाण्याच्या दाबानंच उघडतात आणि उतरलं की मिटतात. जुलै-ऑगस्टमध्ये "राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले" अशी बातमी आली, की भोगावतीचं ते पाणी पंचगंगेत येतं आणि आपण इथं इचलकरंजीत नदीकाठच्या गल्लीतलं सामान माळ्यावर चढवायला लागतो.

म्युझियममधून बाहेर पडताना मी काकूंना विचारलं, मग कशाला लागत असेल राजाला हे सगळं? त्या म्हणाल्या, "लागत काय न्हवतं. परवडत हुतं." आणि बसमध्ये जाऊन खिडकीची जागा धरली.

मैत्रिणींनो, १९४९ च्या मार्चमध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, त्याला आता पाऊणशे वर्षं होऊन गेली. चित्त्याला चारणारी, हत्तीला अंघोळ घालणारी, पागेत शेण काढणारी माणसं गेली, पण त्यांच्या लेकी-सुना आपल्या गावांत आहेत. तुमच्या गटात कुणाची आजी, आत्या, मावशी राजवाड्याच्या कामावर असेल, चित्तेवानाच्या घरातली असेल, किंवा साठमारी बघितल्याचं कुणी सांगत असेल, तर तिला घेऊन केंद्रावर या. माईकला घाबरायचं कारण नाही. चित्त्याशी बोलल्यासारखं बोलायचं.